एका नटावर उभे चाक

दशरथाच्या रथाची खीळ ऐन युद्धात निखळली आणि कैकेयीने तेथे आपले बोट घातले, ही कथा आजीच्या तोंडून न ऐकलेले मराठी घर विरळाच. बैलगाडीचे चाकही आसाच्या टोकाशी एका खिळीवर टिकून असते. ती निसटली की चाक एकीकडे आणि गाडी दुसरीकडे!

नवल असे की, दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडाच्या रस्त्यांवर रविवारी पहाटे दिसणाऱ्या काही कोट्यवधी रुपयांच्या स्पोर्ट्स कारमध्ये हीच जुनी रीत पुन्हा अवतरली आहे. आपल्या घरच्या मोटारीचे चाक चार किंवा पाच नटांनी आवळलेले असते. या गाड्यांच्या चाकाला मधोमध एकच मोठा नट असतो. या पद्धतीला ‘सेंटर-लॉक’ म्हणतात. दिसायला देखणी, वजनाला हलकी. पण तिच्याबरोबर रोज संसार करायचा तर सोपी मुळीच नाही.

सायकलवाल्यांची देणगी

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची रज-व्हिटवर्थ कंपनी मूळची सायकली बनवणारी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिने मोटारीसाठी एका नटावर बसणारे तारांचे चाक काढले. नटाला दोन-तीन कान असत. त्यांवर तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने ठोकले की नट सुटे वा आवळला जाई. मोटारीच्या डाव्या बाजूला नेहमीचे आटे, तर उजव्या बाजूला उलटे. हेतू हा की, गाडी पुढे धावताना नट सैल न होता अधिकच आवळत जावा.

दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली भरत आली आहे. अशा मेळाव्यांत ही तारांची चाके आजही डोळे भरून पाहता येतात. नटाचे बाहेर आलेले कान मात्र पादचाऱ्याला इजा करू शकत. म्हणून १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्यांच्यावर बंदी आली आणि बिनकानाचे नट आले.

दोन सेकंदांचा खेळ

एका नटाचे खरे राज्य शर्यतीच्या मैदानावर. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध आंतरराष्ट्रीय सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वनची भारतीय ग्रां प्री झाली. तिन्ही वेळा जर्मनीचा सेबास्टियन फेटेल जिंकला. तेथे प्रेक्षकांनी गाडीचे चारही टायर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच बदललेले पाहिले. प्रत्येक चाकाशी तिघे जण असतात: एक नट फिरवतो, दुसरा जुने चाक काढतो, तिसरा नवे चढवतो. २०२३ मध्ये कतारच्या शर्यतीत मॅक्लारेन संघाने हे काम १.८० सेकंदांत उरकले.

पण जगातल्या या निष्णात हातांनाही हा नट दगा देतो. २०१८ मध्ये मेलबर्नला हास संघाच्या दोन गाड्या चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर होत्या. दोन्हींचे नट नीट बसले नाहीत आणि दोघांनाही शर्यत सोडावी लागली. २०२१ मध्ये मोनाकोला वाल्टेरी बोटासच्या मर्सिडीजचा नट असा झिजला की चाक निघेचना. ते दोन दिवसांनी इंग्लंडमधल्या कारखान्यात निघाले. २०१३ मध्ये जर्मनीत मार्क वेबरच्या गाडीचे सुटलेले चाक थेट एका कॅमेरामनवर आदळले. त्याच्या गळपट्टीचे हाड आणि बरगड्या मोडल्या.

घरी मदतनीस कोण?

पोर्शे कंपनीने २००९ मध्ये ९११ जीटी३ या गाडीला सेंटर-लॉक दिले. ती गाडी भारतातही विकली जाते. रस्त्यावर कोणालाही दोन सेकंदांत चाक बदलायचे नसते. फायदा असतो तो फिरत्या भागाचे वजन घटण्याचा आणि, खरे सांगायचे तर, ऐटीचाही.

आता कष्ट पाहा. हा नट ६०० न्यूटन-मीटर इतक्या जोराने आवळावा लागतो. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला साठ किलोच्या माणसाने आपला सगळा भार टाकावा, इतका जोर! साध्या मोटारीच्या एका नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर पुरतात. नट आवळताना दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. एकदा पूर्ण आवळून पाव फेरा सैल करायचा आणि पुन्हा पूर्ण आवळायचा. आट्यांना आणि टेकणाऱ्या भागाला ठरलेलेच वंगण लावायचे. शेवटी मधली स्प्रिंगवरची सुरक्षा-कडी पूर्ण बाहेर आली आहे ना, हे डोळ्यांनी पाहायचे. नट आपोआप फिरू नये, यासाठीच ती असते.

यांपैकी काहीही रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याकडे होत नाही. त्याच्याकडे ना ती खास सॉकेट, ना तो लांब दांड्याचा टॉर्क पाना. गाडीत स्टेपनीही नसते. टायरमध्ये भरायचे द्रावण आणि हवा भरायचा छोटा पंप तेवढा मिळतो. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंतच्या १६५ किलोमीटरच्या यमुना एक्स्प्रेस-वेवर उन्हाळ्यात काँक्रीट तापते आणि टायर फुटण्याचे प्रकार घडतात. फुटलेल्या टायरवर द्रावण चालत नाही. मग गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची वाट पाहणे एवढेच हाती उरते. ताशी ३०० किलोमीटरचा पल्ला ओलांडणारी गाडी एका नटापायी अशी रस्त्याकडेला खिळून बसते!

म्हणून जाणते मालक चार गोष्टी पाळतात. चाक ओळखीच्या, शिकलेल्या कारागिराकडूनच काढवून घेतात. सॉकेट गाडीतच ठेवतात. लांबच्या प्रवासाआधी टायरची हवा आणि झीज तपासतात. ट्रॅकवर गाडी पळवून आणल्यावर नट व हब दाखवून घेतात.

आपल्या मोटारीचे काय?

सेंटर-लॉकची गाडी आपल्या दारात येण्याची शक्यता थोडी. तिची शिस्त मात्र साध्या मोटारीलाही हवी. पंक्चर काढून चाक बसवताना नट आधी हाताने फिरवावेत, म्हणजे आटे वाकडे बसत नाहीत. ते समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळावेत. पान्यावर उभे राहून उड्या मारू नयेत. नट कमी आवळला तर चाक निसटते, फाजील आवळला तर बोल्ट तुटतो. गाडीच्या पुस्तिकेत नेमका जोर दिलेला असतो. मेकॅनिककडे टॉर्क पान्याचा आग्रह धरावा. आणि ५० ते १०० किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा तपासून घ्यावेत.

वेगात निसटलेले चाक गाडीतल्यांइतकेच रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्याही जिवावर उठते. नट एक असो वा पाच, तो बसवल्यावर पुन्हा एकदा तपासायला दोन मिनिटे पुरतात. गाडी सुरू करण्यापूर्वी ती आवर्जून काढावीत.