साखरशाळा
साखरशाळा : ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी गाळप हंगामात साखर कारखान्याच्या परिसरात चालविली जाणारी हंगामी शाळा. पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वरनगर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने असून तेथे बीड व लगतच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या येतात. पतिपत्नीची जोडी (कोयता) मुकादमाकडून उचल घेऊन आलेली असते. मुले धाकट्या भावंडांना सांभाळतात, वाढे गोळा करतात. आईबाप पहाटेच फडात जात असल्याने अभ्यासाची विचारपूस करणारे वडीलधारे माणूस कोपीवर उरत नाही. ही उणीव साखरशाळेतील शिक्षक काही अंशी भरून काढी. मात्र टोळी दूरच्या फडावर गेली, की विद्यार्थी तुटे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर नजीकच्या नियमित शाळेत वयानुरूप वर्गात प्रवेश देण्यावर भर आला. तेथे वर्षाच्या मध्यास आलेल्या मुलाला शेजारच्या सोबत्याची वही पाठ्यपुस्तकाइतकीच उपयोगी पडते. मुलांना मूळ गावीच ठेवणारी हंगामी वसतिगृहे त्याहून श्रेयस्कर होत. कारण तेथे आजीआजोबा, शिक्षक व वर्गसोबती बदलत नाहीत. तथापि तान्ह्या मुलाला सांभाळण्यासाठी थोरल्या मुलीला पुष्कळदा फडावरच नेले जाते.