१६० श्रेयांकांत कृष्णा-कोयनेचे स्थान

महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे उगम पावलेली कृष्णा ज्या सांगलीत पोहोचते, तेथील सरासरी याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच. तरीही ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. हे गणित या परिसरात घडणाऱ्या स्थापत्य अभियंत्याला किती शिकवावे, याचा निर्णय अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हाती असतो.

पूर्वी तो निर्णय सर्वस्वी विद्यापीठाचा असे. सांगलीचे आजचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर संलग्न महाविद्यालयांना एकच अभ्यासक्रम आणि एकच प्रश्नपत्रिका लागू झाली. अभ्यास मंडळाने मसुदा करावयाचा आणि विद्यापरिषदेने तो मान्य करावयाचा, ही रीत. साहजिकच एखादे प्रकरण बदलण्यासही काळ लागे. वालचंदला २००७ मध्ये स्वायत्तता मिळाली. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम व परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच असते.

पण अधिकार मिळाला म्हणून जागा वाढत नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये सुचविलेल्या नमुना आराखड्यात चार वर्षांना मिळून १६० श्रेयांक होते. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, तर दोन तास प्रात्यक्षिक म्हणजेही एकच! त्यांपैकी २५ मूलभूत विज्ञानांना, २४ अभियांत्रिकीच्या पायाभूत विषयांना, १२ मानव्यविद्या व व्यवस्थापनाला, १५ प्रकल्प-प्रशिक्षणाला. शाखेच्या गाभ्याला अवघे ४८, उरलेले ३६ वैकल्पिक विषयांना. संगणकीय विश्लेषणासारखा नवा विषय आत येताच जुना कोणता तरी बाहेर जातो आणि खरी चर्चा, क्वचित भांडणही, तेथेच होते. सर्वेक्षणाचे तास कमी करणे सर्वांत सोपे वाटते. ते सर्वांत घातकही आहे.

स्थानिक उदाहरणांवर भर दिल्यास विद्यार्थी पुण्या-बंगळुरूच्या स्पर्धेत मागे पडेल, असा आक्षेप घेतला जातो. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यापासून अधिस्वीकृतीसाठी पदवीधराला नेमके काय येते हे दाखवावे लागते, हेही खरे. परंतु कोयनेचे उदाहरण या आक्षेपाला पुरून उरते. गुरुत्वबलाच्या पाच टक्के आडवे बल गृहीत धरून बांधलेल्या या धरणाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे त्याच्या कितीतरी पट हादरा बसला आणि माथ्याकडे, जेथे उतार बदलतो तेथे, भेगा पडल्या. आज जगभरचे संशोधक धरणांच्या भूकंपविश्लेषणाची पद्धत पारखताना कोयनेचाच दाखला घेतात. कऱ्हाडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयापासून हे धरण काही तासांच्याच अंतरावर आहे.

त्यासाठी स्वतंत्र विषयाची गरज नाही. संरचना विश्लेषणात कोयनेच्या भिंतीचा छेद आणि जलविज्ञानाच्या प्रात्यक्षिकात महाबळेश्वरचे पाऊस, कोयनेचा विसर्ग व आयर्विन पुलाची पातळी यांच्या नोंदी द्याव्यात. पाणी सांगलीत किती तासांनी पोहोचेल, हे विद्यार्थ्यांनी काढावे. परीक्षेत त्यावर प्रश्न नसेल, तर हा भाग वर्गात शिकवला जाणार नाही, हे गृहीत धरावे. आठवड्याला दोन तास, म्हणजे एक श्रेयांक. तो कोणत्या विषयातून काढावयाचा, हे अभ्यास मंडळाला ठरवावे लागेल.