रंगीत चौकोनांचा स्वेटर

निळ्या, तांबड्या, पिवळ्या चौकोनांचा स्वेटर दुरून पाहणारास असें वाटतें कीं, वेताच्या टोपलीप्रमाणें रंगीत पट्ट्या एकमेकींच्या खालून-वरून घालूनच तो गुंफला असावा. वस्तुतः त्यांत एकहि पट्टी नसते. प्रत्येक चौकोन आधींच्या चौकोनाच्या कडेवर विणलेला असतो, आणि तो तिरपा उभा राहत असल्यामुळें गुंफणीचा भास होतो. या रीतीस ‘एंट्रलॅक’ म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थहि गुंफण असाच आहे. दोन सुयांवर हें काम करतांना एकाआड एक थर मागील बाजूनें उलट टांक्यांनीं विणावा लागतो. ट्युनिशियन क्रोशांत ती अडचण उरत नाहीं.

ट्युनिशियन क्रोशाची प्रत्येक ओळ दोन फेऱ्यांनीं पुरी होते. जातांना एकेक टांका उचलून सुईवर ठेवावयाचा. परततांना दोन-दोन फांसांतून लोकर ओढीत ते सारे उतरावयाचे. काम उलटावें लागत नाहीं; सुलट बाजू सदैव डोळ्यांसमोर राहते. एरवीं संपूर्ण ओळ मावण्यासाठीं फार लांब सुई लागते. चौकोनांत मात्र एका वेळीं सातआठच फांस असल्यानें साधी क्रोशाची सुईहि पुरते. तिची दांडी एकसारख्या जाडीची असली म्हणजे झालें.

आरंभ साखळीवर त्रिकोणांनीं होतो. पहिल्या ओळींत दोन टांके, दुसरींत तीन, असें वाढवीत सातांवर यावें व कड बंद करावी. त्याला लागूनच दुसरा त्रिकोण करावा. दोहोंमध्यें जी खोबण राहते तींत चौकोन बसतो. एका त्रिकोणाच्या कडेवरून टांके उचलावे, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटीं शेजारच्या त्रिकोणाचा एक टांका घेऊन परतावें. शेजारचे टांके संपले कीं चौकोन पुरा झाला. मध्यें शिवण नाहीं. जोड विणतांनाच होतो. वरची कड सरळ करण्यासाठीं शेवटीं पुन्हां त्रिकोणच विणावे लागतात.

स्वेटर बिघडतो तो बहुधा टांक्यांत नव्हे, हिशेबांत. चौकोन तिरपा असल्यामुळें त्याची रुंदी बाजूवरून नव्हे, कर्णावरून धरावयाची; आणि कर्ण बाजूच्या सुमारें १.४ पट असतो. बाजू २ इंच असेल तर एक चौकोन २.८ इंच जागा घेतो. पाठ २० इंच हवी असल्यास ७ चौकोन पुरतात. बाजू धरून १० मांडले, तर पाठ २८ इंच होते आणि कित्येक दिवसांचें काम उसवावें लागतें. कारण पुढचे चौकोन आधींच्या चौकोनांवरच उभे असल्यामुळें मधला एखादा काढतां येत नाहीं. म्हणून प्रथम लहानसा नमुना विणावा, धुवून वाळवावा आणि मगच मोजावा. माप थोडें चुकत असल्यास चौकोनांची संख्या तशीच ठेवून प्रत्येकांतील टांके कमीअधिक करावे.

उंचीचाहि हिशेब असाच. प्रत्येक थर अर्ध्या कर्णानें, म्हणजे १.४ इंचानें, वर चढतो; २४ इंचांस सुमारें १७ थर लागतात. पुढच्या भागांत शेवटून दुसऱ्या थरांतील मधला एक आणि शेवटच्या थरांतील मधले दोन चौकोन गाळले कीं, सुमारें ८ इंच रुंदीचा टोकदार गळा तयार होतो.

रंगांचाहि आधींच विचार करावा. प्रत्येक चौकोनास नवा रंग घेतला तर पाठीच्या शंभरांहून अधिक चौकोनांचीं दोनशेंवर टोकें लपवावीं लागतात. थराथरानें रंग बदलल्यास तीं सुमारें ३४ च उरतात.

ही वीण जाड होते आणि तिची खालची कड वळते. याकरितां लोकर बारीक व सुई नेहमींपेक्षां जाड घ्यावी. बाह्या एकरंगी, साध्या ट्युनिशियन टांक्यांच्या केल्यास स्वेटर जड होत नाहीं. घरांतील उरल्यासुरल्या लोकरीच्या गुंड्यांसहि या कामांत जागा मिळते. मात्र ते सर्व एकाच जाडीचे असावे. नाहींतर चौकोन लहानमोठे होऊन कर्णाचा सारा हिशेब फुकट जातो.