बांद्याचे कुलकर्णी योगी झाले!

मित्रांनो, योग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पद्मासन? शीर्षासन? की २१ जूनला शाळेच्या मैदानावर अंथरलेल्या सतरंज्या? पण आसन हे योगाचं फक्त एक अंग! पतंजलींनी योगसूत्रांत आठ अंगं सांगितली आहेत : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान आणि समाधी. शेवटी पोचायचं ते कैवल्याला, म्हणजेच मुक्तीला. मुक्ती कशापासून? तर भीती, हाव आणि 'मी-माझं' यांच्यापासून.

अवघड वाटतंय? मग चला सिंधुदुर्गात, तेरेखोल नदीकाठच्या बांदा गावी. सोहिरोबानाथ आंबिये इथलेच. जन्म १७१४ सालचा. घरी कुलकर्णीपण होतं, म्हणजे गावच्या जमीन-महसुलाचे हिशेब ठेवायचं काम. एकदा सावंतवाडीच्या दरबारातून त्यांना बोलावणं आलं. वाटेत ते फणस फोडून खायला बसले, तोच एक साधू पुढे आला. सोहिरोबांनी त्याला प्रेमाने गरे दिले. ते साधू म्हणजे नाथपंथाचे गहिनीनाथ, अशी कथा सांगतात. पुढे सोहिरोबांनी कुलकर्णीपण सोडलं, योगसाधना केली आणि 'सिद्धान्तसंहिता', 'अक्षयबोध' असे ग्रंथ रचले.

उतारवयात ते उत्तरेकडे गेले. तिथे महादजी शिंद्यांनी आपल्या कविता त्यांना दाखवल्या. एवढा मोठा सरदार! नुसतं 'वा!' म्हटलं असतं तरी बक्षीस मिळालं असतं. पण सोहिरोबांनी कविता आवडल्या नाहीत असं तोंडावर सांगितलं, अशी आख्यायिका आहे. ज्याला काही मिळवायचंच नाही, त्याने कोणाला भ्यायचं? मुक्ती म्हणतात ती हीच.

"मग आम्हीही शाळा सोडायची का?" छे! योगाची पहिली पायरी यम, आणि ती घरातच चढायची असते. कुणाला न दुखवणं ही अहिंसा. खरं बोलणं हे सत्य. परीक्षेत शेजारच्याचं उत्तर न ढापणं हे अस्तेय. गरजेपेक्षा जास्त न साठवणं हा अपरिग्रह. ब्रह्मचर्य म्हणजे संयम.

आज रात्री पाच मिनिटं ताठ बसा. आई-बाबांनाही शेजारी बसवा. श्वास आत जाताना मनात 'सो' म्हणा, बाहेर येताना 'हम्'. सोऽहम् म्हणजे 'तो मीच आहे'. श्वास कोंडायचा नाही हं! मन क्रिकेटकडे पळेल. रागावू नका, हळूच परत आणा. पुन्हा पुन्हा असं परत आणणं, यालाच योगात 'अभ्यास' म्हणतात!