मूठ, मीटर आणि आठ हजार

मामा आधी मूठ आवळतात. मिक्सरमधून पडलेली काळी वाळू तळहातावर घेतात, बोटं मिटून दाबतात आणि मूठ उघडतात. वाळूवर बोटांचे ठसे उमटलेले असतात. मग तो गोळा मधोमध मोडायचा आणि तुटलेली कड बघायची. कड स्वच्छ तुटली तर वाळू जमली, भुगा झाला तर कोरडी, हाताला चिकटली तर पाणी जास्त. "तीन-तीन," मामा म्हणतात. म्हणजे ओलावा 3.3 टक्के.

शेजारी उभी असलेली मुलगी काही बोलत नाही. ती वाळूचा नमुना तोलते, लोखंडी बाटलीसारख्या मीटरमध्ये घालते, त्यात कार्बाइडची पूड टाकते, झाकण आवळते आणि बाटली हलवू लागते. काटा चढतो, थरथरतो, थांबतो.

"3.4, मामा."

"मग? काय लांब न्हाई."

झाकण उघडलं की भपकन एक वास येतो. आंब्याची अढी कार्बाइड घालून पिकवायचे तेव्हा यायचा, अगदी तोच. फौंड्रीत इतर वास पुष्कळ आहेत. साच्यात तापलेलं लोखंड पडलं की वाळूतली कोळशाची भुकटी जळते आणि तिचा करपट वास दिवसभर कपड्यांना राहतो. पण शिरोली एमआयडीसीतल्या या छोट्या सँड लॅबची आठवण मागे उरते ती या कार्बाइडच्या वासाची, कारण तो दर तासाला येतो. दर तासाला एक मूठ, एक बाटली आणि रजिस्टरात एक ओळ.

ही मुलगी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. राहायला इचलकरंजीला, वडील यंत्रमाग कामगार. शेवटच्या सत्रात सहा महिन्यांची इंटर्नशिप तिनं या फौंड्रीत घेतली. विद्यावेतन महिना आठ हजार.

हे आठ हजार बघायलाच शिरोलीला जायचं ठरलं. एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले होते. एक गुळगुळीत, रंगीत: चार आठवड्यांची ऑनलाइन इंटर्नशिप, प्रमाणपत्राची हमी आणि खाली विद्यार्थ्यानं भरायची फी. दुसरा साधा, टाइप केलेला: सहा महिने, फौंड्री, शिफ्टची तयारी हवी, विद्यावेतन रुपये आठ हजार. पहिल्या कागदाच्या फोटोसाठी मुलांची गर्दी होती. दुसऱ्याखाली चारच नावं होती आणि त्यातलं एक मुलीचं. काम शिकण्यासाठी आपणच पैसे मोजायचे, ही गोष्ट त्या गर्दीत कुणालाच खटकत नव्हती.

एवढी गर्दी का, तेही उघड आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीच्या काळात 600 ते 700 तासांची इंटर्नशिप धरली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला इंटर्नशिपचे 4 क्रेडिट आले. हेतू चांगलाच होता. पण राज्यातल्या प्रत्येक मुलाला तेवढे तास सामावून घेणारे कारखाने कुठून येणार? ती पोकळी मग प्रमाणपत्रांनी भरली. क्रेडिट मिळतं, फाइल पूर्ण होते, आणि मुलानं एकदाही हातमोजे घातलेले नसतात.

ही मुलगीही त्यातून गेलेली आहे. तिसऱ्या वर्षाला ती एका कारखान्यात चार आठवडे बिनपगारी जात होती. "बसायला खुर्ची दिली होती, चहा द्यायचे. मशिनला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं," ती सांगते. "माझी सही कुठंच नव्हती." इथं पहिल्याच आठवड्यात रजिस्टर तिच्या हातात आलं. ओलावा, कॉम्पॅक्टेबिलिटी म्हणजे वाळू किती दबते ते, वाळूची ताकद, पर्मिएबिलिटी म्हणजे तिच्यातून वायू किती सहज निघतो ते, आणि ओळीच्या शेवटी सही. त्या ओळीतला आकडा चुकला तर पुढच्या तासाभरात भरले जाणारे साचे चुकतात. चुकले तर रजिस्टर उघडतात आणि सही कुणाची ते बघतात.

कोल्हापूरला हे काम नवं नाही. नदीकाठच्या उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता इथल्या मिस्त्रींनी स्वतःची इंजिनं बनवली, त्यांच्यासाठी ओतकाम सुरू केलं आणि शिवाजी उद्यमनगर उभं राहिलं. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या वसाहती आल्या. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत आणि देशभरातल्या ट्रक-ट्रॅक्टरांचे सुटे भाग इथल्या वाळूत जन्माला येतात. वाळू बहुतेक सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याची, तिला बांधून ठेवणारा बेंटोनाइट कच्छचा. त्यात कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळायचं, साचा दाबायचा, साधारण 1,400 अंशांचं लोखंड ओतायचं, थंड झालं की साचा फोडायचा, कास्टिंग घासून साफ करायचं आणि तीच वाळू पुन्हा मिक्सरला न्यायची.

ऐकायला एवढंच. पण ती परत येणारी वाळूच या मुलीच्या सहा महिन्यांचा विषय झाली.

एप्रिलमधल्या एका दुपारी कास्टिंगमध्ये वाळूचे कण अडकल्याच्या तक्रारी वाढल्या. साच्याच्या कडा ओतताना ढासळत होत्या. रजिस्टर तर चोख होतं: 3.4, 3.5, 3.4. सगळे ओतणाऱ्यांवर घसरले. मामा मात्र मोल्डिंग मशिनच्या वरच्या हॉपरपाशी गेले, तिथली मूठभर वाळू दाबली, आणि ती हातातच विस्कटली. "हिचा नंबर तुझ्या वहीत न्हाई," ते म्हणाले. "आणि गरम बघ किती हाय."

मुलीनं दोन डबे घेतले. एकात मिक्सरखालची वाळू, दुसऱ्यात हॉपरमधली. पहिलीचा ओलावा 3.4 आणि दुसरीचा 2.7. थर्मामीटर हॉपरमधल्या वाळूत खुपसला तर 54 अंश. साचे फोडून परत आलेली वाळू थंड व्हायला वेळच मिळत नव्हता. मिक्सरमध्ये पाणी बरोबर पडत होतं, पण पट्ट्यावरून हॉपरपर्यंत जाता जाता ते उडून जात होतं. तिची सगळी मोजमापं बरोबर होती. वाळू चुकीच्या जागी मोजली जात होती.

पाठ्यपुस्तकात गरम वाळूवर एक परिच्छेद आहे. पन्नास अंशांच्या आसपास त्रास सुरू होतो, असंही त्यात आहे. परीक्षेसाठी तिनं तो वाचलाही होता. "पण नमुना कुठून घ्यायचा, हे त्यात नव्हतं," ती म्हणते. त्या रात्री ती दुसऱ्या शिफ्टला थांबली. कुणी थांब म्हटलं नव्हतं. घरी फोन करून तिनं कोल्हापुरी वळणात सांगितलं, "येतो मी उशिरा. आठ हजार घेतो न्हवं त्यांचं."

हे वाक्य सगळ्या भेटींमध्ये पुन्हा पुन्हा कानात वाजत राहतं. बिनपगारी पाहुण्याला हे वाक्य सुचत नाही. त्याला उशीर झाला तर तो निघून जातो, आणि त्यात त्याची चूक नसते, कारण त्याच्याकडून कुणी काही मागितलेलंच नसतं. पैसे आले की मागणं येतं, आणि मागणं आलं की विचारायचा हक्कही येतो. वाळू गार करायला काहीतरी करा, असं तिनं पाचव्या महिन्यात क्वालिटीच्या साहेबांना तोंडावर सांगितलं. दोन जागांच्या आकड्यांचा तक्ता समोर ठेवला. परतीच्या पट्ट्यावर पाण्याचे फवारे बसले. नमुना आता दोन्हीकडून घेतात.

पगार घेत काम शिकायचा हा विचार फार लांबून आणायची गरज नाही. अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकानं 1906 साली एक आठवडा वर्ग आणि एक आठवडा पगारी कारखाना अशी पद्धत सुरू केली, ती जगभर गेली. पण ज्या हातकणंगले तालुक्यात ही शिरोली आहे, त्याच तालुक्यातल्या कुंभोजला 1887 साली कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले. रयत शिक्षण संस्था काढण्याआधी त्यांनी किर्लोस्करांचे नांगर विकत गावं पालथी घातली होती. 1919 मध्ये काले गावात संस्था निघाली आणि पुढे 'कमवा आणि शिका' हे शब्द घराघरात गेले. गरीब पोरानं फुकट न घेता घाम गाळून शिकावं, त्यात त्याचा मान आहे, हा त्यातला गाभा होता. पैसे भरून प्रमाणपत्र आणणाऱ्या गर्दीसमोर तो आठवतो तेव्हा फार टोचतो.

तरी आठ हजारांचं कौतुक करताना हिशेबही मांडला पाहिजे. इचलकरंजीत मागावरची मजुरी पिकावर मोजतात. आडवे धागे जेवढे भरले तेवढे पैसे. त्यामुळे त्या घरात आकड्यांची कुणाला भीती नाही. पहिला पगार झाला तेव्हा वडिलांनी विचारलं, "रोज किती पडले?" आठ हजार भागिले सव्वीस. तीनशे सात रुपये आणि काही पैसे. वडील थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "शिकवत्यात तरी का?" तिनं होय म्हटलं. त्यातून एसटीचा पास जातो, घरी तीन हजार, उरलेले फीसाठी बाजूला.

क्वालिटीचे साहेब सरळ बोलतात. "आठ हजारात मला लॅबला माणूस मिळत नाही, हे खरंच आहे. पण पहिले दोन महिने आम्ही तिला देतो, नंतरचे चार ती आम्हाला देते." या वाक्यात प्रामाणिकपणा आहे आणि सोयही आहे. पदवी घेतलेल्या शिकाऊ उमेदवारासाठी 1961 चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. त्याखालच्या नियमांनी 2019 मध्ये पदवीधराचं विद्यावेतन किमान 9,000 ठरवलं. राज्य सरकारच्या 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना 10,000 होते. पण शिकता शिकता इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला किमान किती द्यायचं, याला असा तळच नाही. कुणी आठ हजार देतो, कुणी दोन, पुष्कळ जण काहीच नाही. शासनानं तास सक्तीचे केले. रुपये मालकाच्या मर्जीवर राहिले. हे अन्यायाचं आहे आणि बदलायला हवं.

मामांना या चर्चेत रस नाही. सत्तावीस वर्षं ते याच सँड प्लँटवर आहेत. नाकावरचा मास्क ते बोलताना खाली ओढतात आणि मुलगी प्रत्येक वेळी तो वर करायला लावते. बारीक सिलिका छातीत बसते, हे तिनं त्यांना दोनदा समजावून सांगितलंय. "ही येण्याआधी मला कुणी नंबर विचारत न्हवतं," ते म्हणतात. "मूठ बघायचो, पाणी सोडायचो, संपलं."

आता विचारतात. गरम वाळूच्या त्या दुपारनंतर मुलीनं रजिस्टरात पट्टी ठेवून पेन्सिलीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं: मूठ. मीटर लावण्याआधी मामांचा अंदाज त्यात उतरायचा, मग मीटरचा आकडा शेजारी. दोन्हींत फरक पडला की नमुना पुन्हा घ्यायचा. साहेबांनी ते पान बघितलं, काही बोलले नाहीत, पण पुढचं छापील रजिस्टर आलं त्यातही तिनं पट्टी लावली तेव्हा त्यांनी अडवलं नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात चार वाजताचा नमुना निघाला. मामांनी मूठ उघडली, गोळा मोडला, कड बघितली. "तीन-चार." बाटली हलली, काटा थांबला, झाकण उघडलं, तो वास आला. 3.4. तिनं दोन्ही रकाने भरले आणि सही केली. 31 तारखेला तिचे सहा महिने संपणार होते.

मामांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं, 'मूठ' लिहिलेल्या जागेवर काळं बोट ठेवलं आणि म्हणाले, "पेन्सिल हितंच ठेवून जा."