फौजी आबांची पेटी

शिवरे आणि भोर-वेल्ह्याच्या गावांतून भाताच्या खाचरात चिखल तुडवणारे आबा एकेकाळी फौजेत होते, हे आपण विसरतो. ते स्वतःहून सांगत नाहीत.

संगमनेर तालुक्यातील निमजचे नामदेव जाधव मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर त्यांनी भर गोळीबारात, सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमींना दोन खेपांत उचलून आणले. मग मशीनगनचे तीन मोर्चे बंद पाडले. वय अवघे २३. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४ साली ते वारले.

तुमच्या घरी असे आबा असतील, तर त्यांची हकिगत मुलांकडून वहीत उतरवून घ्या. मग त्यांची पेटी उघडा. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा हुकूम काढा. त्यातील आजींचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. फरक राहिला, तर आबांच्या माघारी कुटुंब निवृत्तिवेतन अडते आणि आजींना हेलपाटे पडतात. आबा हयात असताना दुरुस्ती सोपी जाते. पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतो, नंतर नाही.