घरासाठी इलेक्ट्रिक ग्रिल निवडताना: रुग्ण असलेल्या घराने काय पाहावे?

कोलेस्टेरॉल वाढले, मधुमेह निघाला किंवा सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसले, की डॉक्टर तळलेले खाणे कमी करायला सांगतात. त्यानंतर बऱ्याच घरांत इलेक्ट्रिक ग्रिल घेण्याचा विषय निघतो. विचार चांगला आहे. पण दुकानात गेल्यावर वॅट, कोटिंग, टायमर अशी यादी ऐकवली जाते आणि आपल्या रुग्णासाठी त्यातले काय महत्त्वाचे, ते कळत नाही. हा लेख त्यासाठी आहे.

ग्रिलचा फायदा नेमका कुठे होतो?

एक छोटा चमचा तेल म्हणजे सुमारे ४० कॅलरी. सुरमईच्या चार तुकड्या तव्यावर तळायला सहज तीन-चार मोठे चमचे तेल लागते. ग्रिलवर त्याच तुकड्या एक-दोन छोट्या चमच्यांत होतात. फायदा इथे आहे. चिकन किंवा मटणातली थोडी चरबीही वितळून खालच्या ट्रेमध्ये गळते.

मात्र ग्रिलमुळे पदार्थ बदलत नाही. मैद्याच्या पावात चीज आणि बटाटा भरून ग्रिल केला, तरी जेवणानंतरची साखर वाढणारच. सॉसेज, सलामी ग्रिल केल्याने पथ्याचे होत नाहीत. मूत्रपिंडाच्या रुग्णांना प्रथिनांचे ठरवून दिलेले प्रमाणही तेच राहते.

कोणत्या प्रकारचा घ्यावा?

*त्रिकोणी साच्याचा टोस्टर:* यात सँडविचच्या कडा बंद होतात. मासे, पनीर, भाज्या यांसाठी तो उपयोगाचा नाही आणि चरबी गळायला वाटही नसते.

*दोन प्लेटींचा, झाकणाचा ग्रिल:* पदार्थ दोन्ही बाजूंनी एकदम भाजला जातो. वरची प्लेट जाडीप्रमाणे उचलली जाणारी, खालची किंचित उतरती आणि पुढे चरबीचा ट्रे असेल, तर बहुतेक घरांना हाच सोयीचा.

*उघडा ग्रिल किंवा इलेक्ट्रिक तंदूर:* कणीस, कबाब छान होतात. पण चरबी तापलेल्या कॉइलवर पडली तर धूर होतो. घरात दमा किंवा सीओपीडीचा रुग्ण असेल तर हा प्रकार टाळलेला बरा. घ्यायचाच असेल, तर कॉइलवर थेंब पडणार नाहीत अशी रचना पाहा आणि खिडकी उघडी ठेवून वापरा.

विकत घेताना ही पाच बाजू तपासा

१. प्लेटी निघतात का? ही बाब मी सर्वांत वर ठेवतो. प्लेटी निघत नसतील तर प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसत बसावे लागते. स्वयंपाक करणारी व्यक्ती महिनाभरात कंटाळते, ग्रिल माळ्यावर जातो आणि कढई परत येते. घरात भांडी कोण घासते, तिला विचारूनच मॉडेल ठरवा.

२. तापमान कमी-जास्त करता येते का? फक्त चालू-बंद होणाऱ्या ग्रिलमध्ये पदार्थ करपण्याची शक्यता जास्त. मांस, मासे खूप जास्त आचेवर काळे पडेपर्यंत भाजले, तर त्यात कर्करोगाशी संबंध जोडलेली काही रसायने तयार होतात. बटाटा, पाव यांसारखे पिष्टमय पदार्थ गडद तपकिरी झाले की अॅक्रिलामाइड वाढते. सोनेरी रंग आला की थांबावे. करपलेला भाग काढून टाकावा. मांस-मासे लिंबू किंवा दही, आले, लसूण लावून मुरवले, तर ही रसायने कमी तयार होतात.

३. किती वॅट? घरातला साधा ६ अँपिअरचा प्लग सुमारे १,३०० वॅटपर्यंत पेलतो. १,५०० ते २,००० वॅटच्या ग्रिलसाठी १६ अँपिअरचा प्लग हवा. तीन पिनांची वायर, चालू अर्थिंग आणि आयएसआय चिन्ह पाहून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डावर ग्रिल लावू नका.

४. कोटिंग कसे आहे? नॉनस्टिक थर साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो. म्हणून रिकामा ग्रिल तापत ठेवू नये. लाकडी किंवा सिलिकॉनचा उलथणा वापरावा, तारेची घासणी लावू नये. थर सोलवटला की प्लेट बदलावी. सुट्या प्लेटी मिळतात का, हे आधीच विचारा.

५. हाताला चटका लागणार नाही ना? जुना मधुमेह असलेल्यांच्या बोटांची संवेदना कमी झालेली असू शकते. चटका बसलेला कळत नाही आणि जखम उशिरा भरते. मूठ गार राहणारी, वायर पुरेशी पण लोंबकळणार नाही अशी आणि दिवा स्पष्ट दिसणारा हवा. घरात विसरभोळे वृद्ध असतील, तर आपोआप बंद होणाऱ्या मॉडेलसाठी थोडे जास्त पैसे मोजावेत.

वापरताना होणाऱ्या चुका

*आतून कच्चे राहणे.* ग्रिलवर चिकन बाहेरून लवकर लाल होते, आत मात्र गुलाबी राहते. वृद्ध, गर्भवती, केमोथेरपी चालू असलेले आणि मधुमेही यांना अशा अन्नातून होणारा जंतुसंसर्ग महागात पडतो. फ्रिजरमधले चिकन पूर्ण सुटू द्या, तुकडे सारख्या जाडीचे करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल, तर मधोमध ७४ अंश सेल्सिअस यायला हवेत. कच्च्या चिकनचा चिमटा शिजलेल्याला लावू नका.

*मीठ वाढणे.* तेल कमी झाले की चव यावी म्हणून तयार मसाला, चाट मसाला, सॉस यांचा हात सैल सुटतो. दिवसभराचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे छोट्या चमच्यापेक्षा कमी असावे. रक्तदाबाच्या रुग्णाने लिंबू, मिरपूड, जिरेपूड, कोथिंबीर-पुदिना यांवर भर द्यावा.

*फक्त मांसाहारासाठी वापरणे.* ढोबळी मिरची, वांगे, फ्लॉवर, पनीर, आधी वाफवलेली कोथिंबीर वडी, मूगडाळीचे कबाब हे सगळे ग्रिलवर उत्तम होते. रताळे आणि कणीस मधुमेहींनी पोळी-भाताच्या ऐवजी, मोजून खावे.

ग्रिलचा उपयोग होतो आहे, हे कसे ओळखाल?

वाण्याच्या यादीवरून. बैठे काम करणाऱ्या प्रौढाला वरून घातलेले तेल, तूप, लोणी मिळून दिवसाला २० ते २५ ग्रॅम पुरते. म्हणजे चार प्रौढांच्या घरात महिन्याला अडीच ते तीन किलो. ग्रिल आणण्याआधी महिन्याला किती तेल येत होते ते लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. आकडा खाली आला असेल तर पैसे वसूल झाले. तो तेवढाच असेल, तर ग्रिल तळणीच्या जागी आलेला नाही, तळणीच्या जोडीला आला आहे.

ग्रिल घेण्याची ऐपत किंवा ओट्यावर जागा नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. बिडाचा तवा, वर झाकण, मंद आच आणि चमच्याने मोजून घातलेले तेल, एवढ्यानेही बहुतेक काम होते. ग्रिल आला तरी गोळ्या स्वतःहून कमी करू नका. तीन महिन्यांनी साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करून तुमच्या डॉक्टरांना दाखवा, आणि औषधांत बदल करायचा असेल तर तो त्यांना ठरवू द्या.